पाय उचलेनात, आणि मूळ निघालं छातीत : कॅन्सरचा नसा-स्नायूंवर आडून होणारा परिणाम

जुनी_मिल (धागाकर्ती)

आमचे आप्पा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर जॉबर होते. मागाखाली वाकून, उकिडवं बसून आयुष्य काढलेला माणूस. गेल्या जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास त्यांना खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागायला लागला. मग जिना चढताना कठडा धरून स्वतःला वर ओढू लागले. "दुखत काही नाही गं, मांडीत जीवच नाही की," एवढंच म्हणायचे.

त्याच सुमाराला तोंडाला कोरड पडायला लागली. भाकरी आमटीत कुस्करून दिली तरी घासागणिक पाणी लागायचं. पोट साफ होईना. पायासाठी आम्ही हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो, पोटासाठी फॅमिली डॉक्टरांकडे, आणि कोरडीसाठी शुगर तपासून घेतली. तिन्ही तक्रारी एकाच आजाराच्या असतील हे कुणाला सुचलं नाही, कारण तिन्ही एकत्र कुणी ऐकल्याच नव्हत्या.

कमरेचा एमआरआय झाला. "मणक्यात गॅप आहे" हे वाक्य ज्याच्या घरात ऐकलं गेलं नाही असं घर सोलापुरात सापडणं कठीण आहे, तेच आम्हालाही मिळालं. पट्टा, ट्रॅक्शन, बी१२ची इंजेक्शनं. या वयात बहुतेक सगळ्यांच्याच मणक्यात थोडीफार झीज दिसते, आणि फोटोत काहीतरी दिसलं की शोध तिथेच थांबतो. पाय मात्र आणखी जड होत गेले.

नंतर एका फिजिशियनकडे गेलो. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हललाच नाही. मग त्यांनी आप्पांच्या नडगीवर आपला हात दाबून धरला आणि म्हणाले, "आता सगळा जोर लावून पाय सरळ करा, मी सांगेपर्यंत सोडू नका." दहा-पंधरा सेकंद आप्पांनी दात-ओठ खाऊन जोर लावला. लगेच त्याच जागी पुन्हा हातोडी. पाय चक्क उडाला! डॉक्टरांनी दुसऱ्या पायावर तेच करून पाहिलं, तिथेही तसंच. मग त्यांनी विचारलं, "विडी किती वर्षं ओढता?"

नसांच्या तपासणीत तेच कागदावर आलं. आधी स्नायूचा सिग्नल अगदी बारका, आणि दहा सेकंद जोर लावल्यावर दुपटीहून मोठा. आजाराचं नाव लॅम्बर्ट-ईटन. छातीचा एक्स-रे ठीक होता, पण सीटी स्कॅनमध्ये श्वासनलिकेजवळ गाठी दिसल्या. दुर्बिणीने तुकडा काढला. लहान पेशींचा फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. खोकला नाही, रक्त पडणं नाही, छातीत दुखणं नाही. कॅन्सरने दिलेल्या खुणा एवढ्याच, मांड्यांमधली गेलेली ताकद, आणि सोबत ती कोरड आणि बद्धकोष्ठ.

नातेवाइकांनी सगळ्यांनी एकच विचारलं, "म्हणजे पायात पसरला का?" नाही. पायात कॅन्सरची एकही पेशी नव्हती. मला जे समजलं ते असं. या जातीच्या कॅन्सरच्या पेशींवर कॅल्शियम आत घेणारी दारं असतात, अगदी तशीच दारं नसांच्या टोकावर असतात. शरीर कॅन्सरशी लढायला अँटीबॉडी तयार करतं, आणि त्याच अँटीबॉडी नसांच्या दारांनाही जाऊन चिकटतात. नसेचा निरोप टोकापर्यंत येतो, पण कॅल्शियम पुरेसं आत जात नाही, म्हणून स्नायूला हलवणारं रसायन पुरेसं सुटत नाही. उन्हाळ्यात पाणी खोल गेलेल्या हापशासारखं आहे हे, पहिले दांडे कोरडेच जातात आणि मारत राहिलं की धार लागते. पुन्हा पुन्हा निरोप आला की टोकाशी कॅल्शियम साठत जातं आणि थोड्या वेळापुरती ताकद येते. लाळ आणि आतडी चालवणाऱ्या नसांमध्येही हेच बिघडतं, म्हणून कोरड आणि बद्धकोष्ठ.

हा धागा काढायचं कारण असं की आपल्याकडे विडी ओढणारी माणसं घरोघर आहेत आणि "पायात जोर नाही" ही तक्रार मणक्याच्या किंवा वाताच्या खात्यात जमा होते. कुणाच्या घरात असं काही घडलं असेल तर कृपया लिहा. जाणकारांनी माझ्या लिखाणात भर घालावी.

---

मज्जारज्जू

मी न्यूरॉलॉजिस्ट आहे, आता निवृत्त. धागा फार चांगला मांडलाय. गुडघ्याच्या हातोडीचं वर्णन विद्यार्थ्यांना वाचून दाखवावं असं आहे. जोर लावल्यावर परत येणारा झटका हीच या आजाराची ओळख. मात्र तो बघायचा तर आधी मुद्दाम जोर लावायला सांगावं लागतं, आणि गर्दीच्या ओपीडीत ते राहून जातं.

लॅम्बर्ट आणि ईटन हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉक्टर. त्यांनी 1956 साली सहकाऱ्यांसह हा आजार नीट मांडला. यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त रुग्णांत मागे कॅन्सर सापडतो, बहुतेक वेळा हाच लहान पेशींचा. उरलेल्यांत कॅन्सर नसतोच, निव्वळ प्रतिकारशक्तीचा बिघाड असतो.

कॅन्सर गाठीपासून लांब राहून, न पसरता, अशा आडवळणाने मज्जासंस्थेला इजा करतो तेव्हा त्याला पॅरानिओप्लास्टिक आजार म्हणतात. एकूण कॅन्सर रुग्णांत हे प्रमाण 1 टक्क्याहूनही कमी आहे. लहान पेशींच्या फुप्फुस कॅन्सरमध्ये एकटं लॅम्बर्ट-ईटनच सुमारे 3 टक्क्यांत दिसतं. दुर्मिळ खरंच, पण मोल त्याच्या वेळेत आहे. बहुतेकदा नसांची तक्रार आधी येते आणि कॅन्सर नंतर सापडतो, काही महिन्यांनी, क्वचित एखाद-दोन वर्षांनी. त्या वेळी गाठ लहान असते. प्रतिकारशक्तीने तिला दाबून धरलेलं असतं असंही मानतात. लॅम्बर्ट-ईटनसोबत सापडलेल्या या कॅन्सरचे रुग्ण, तो नसलेल्या रुग्णांपेक्षा सरासरी जास्त जगतात, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे.

एक अगदी महत्त्वाचं. पहिला स्कॅन स्वच्छ आला म्हणून फाइल बंद करू नका. अशा रुग्णाचा स्कॅन दर चार-सहा महिन्यांनी, दोन वर्षं, पुन्हा करायचा असतो. वय 50च्या पुढे, तंबाखू चालू, 5 टक्के किंवा जास्त वजन उतरलेलं, गिळायला-बोलायला त्रास, पुरुषांत लैंगिक दुर्बलता, आणि तीन महिन्यांत स्वतःचं स्वतः करण्याइतकी शक्ती न राहणं, या प्रत्येकाला एक गुण देऊन धोका मोजायची डेल्टा-पी नावाची पद्धत आहे. तीन किंवा जास्त गुण झाले की छातीत कॅन्सर असण्याची शक्यता फार वाढते. लैंगिक तक्रार आपल्याकडचे पुरुष बायकोपुढे किंवा मुलापुढे सांगत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी त्यांना एकटं बसवून विचारायला हवं.

---

निशिगंध

जुनी_मिल, आप्पांना लवकर उतार पडो. माझी आई स्तनाच्या कॅन्सरसाठी पॅक्लिटॅक्सेल घेतेय. तिसऱ्या डोसपासून पावलांना मुंग्या, बोटं बधिर. साडीची पिन लावता येत नाही, शर्टची बटणं तर सोडाच. हा त्यातलाच प्रकार का? फार भीती वाटतेय.

---

मज्जारज्जू

निशिगंध, नाही. तुम्ही लिहिलंय ते औषधामुळे होतं. पॅक्लिटॅक्सेल, सिस्प्लॅटिन, ऑक्झॅलिप्लॅटिन, व्हिन्क्रिस्टीन, बोर्टेझोमिब, ही सगळी लांबच्या नसांना दुखवतात, म्हणून सुरुवात पावलांच्या आणि बोटांच्या टोकापासून होते, दोन्ही बाजूंना सारखी. ऑक्झॅलिप्लॅटिनमध्ये फ्रिजमधली बाटली हातात धरली तरी कळ येते. प्लॅटिनम गटातल्या औषधांचं एक विचित्र आहे, औषध संपल्यावरही काही महिने त्रास वाढत राहू शकतो. तो वाढला म्हणजे कॅन्सर उलटला असं नव्हे.

आईंना हे कॅन्सरच्या डॉक्टरांना प्रत्येक डोसच्या आधी सांगायला लावा. बायका "उगाच औषध बंद करतील" म्हणून लपवतात. डोस कमी करता येतो, अंतर वाढवता येतं, औषध बदलता येतं. बधिरपणा वाढून बसल्यावर तो मागे फिरवायचं औषध आमच्याकडे नाही. आग होऊन दुखत असेल तर ड्युलॉक्सेटीनचा काहींना उपयोग होतो, ते त्यांनाच विचारून.

आणि हा सोलापूरचा उन्हाळा. बधिर पायांनी गच्चीवर पापड-कुरडया घालायला अनवाणी गेलेल्या बायकांच्या तळव्यांना फोड आलेले मी पाहिलेत, त्यांना कळलंही नव्हतं. घरातही चप्पल. अंघोळीचं पाणी कोपराने तपासायचं, बोटांनी नाही.

---

भीमाकाठ

मला लिहायला जमेल की नाही माहीत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

माझी मावशी मंगळवेढ्याजवळच्या गावात राहते. शिवणकाम करायची. एका महिन्यात होत्याचं नव्हतं झालं. आधी सुईत दोरा ओवता येईना. सुई एकीकडे आणि हात भलतीकडे जायचा. मग चालताना तोल. दोन्ही पाय फाकवून, भिंतीला धरून चालायची. जीभ जड झाली, शब्द तुटक येऊ लागले. बघणाऱ्याला वाटावं दारू प्यायलीय. गावात ते बोललंही गेलं, आणि तिने त्याचा फार धसका घेतला. घरच्यांनी बाहेरचं झालंय म्हणून अंगारे-धुपारे केले. त्यांना दोष देत नाही. डोक्याचा एमआरआय नॉर्मल आला होता, आणि डॉक्टरांच्या कागदावर सगळं नॉर्मल असलं की माणसं दुसरीकडे जाणारच.

पुढे एका तरुण डॉक्टरणीने रक्तातल्या अँटीबॉडी पाठवल्या. अँटी-यो नावाची सापडली. तिने त्याच दिवशी पोटाचा आणि स्तनांचा तपास सांगितला. अंडाशयात गाठ होती, पोटाबाहेरून हाताला लागणारही नाही एवढी. ऑपरेशन झालं, केमो झाली, गाठीचा आता मागमूस नाही. पण मावशीचा तोल परत आला नाही. व्हीलचेअरवर आहे. हाताने जेवता येत नाही, भाचेसुना भरवतात.

कॅन्सर बरा झाला तर हे का बरं होत नाही, हे मला आजही कुणी समजावून सांगितलेलं नाही.

---

मज्जारज्जू

भीमाकाठ, तुम्ही विचारलंय म्हणून सरळ उत्तर देतो.

आप्पांच्या आजारात अँटीबॉडी नसेच्या बाहेरच्या अंगावर बसतात. नस जिवंत असते, फक्त तिचं काम अडतं. अँटीबॉडी हटवल्या किंवा कॅन्सर आटोक्यात आणला की काम पुष्कळ परत येऊ शकतं. अँटी-योमध्ये शरीराला सापडलेलं लक्ष्य पेशीच्या आत असतं. तिथे खरं नुकसान अँटीबॉडी करत नाहीत, पांढऱ्या पेशींपैकी टी-पेशी करतात, आणि त्या तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतल्या पर्किंजे पेशींना मारून टाकतात. अँटीबॉडी ही तिथे फक्त खूण. मेलेली पेशी परत उगवत नाही. हे काही आठवड्यांत घडतं, म्हणून आम्हाला मिळणारी वेळ फार थोडी असते. सुरुवातीला एमआरआय नॉर्मल असतो, लहान मेंदू आक्रसलेला दिसतो तो नंतर. कॅन्सर काढल्याने पुढची पडझड थांबते, झालेली भरून येत नाही.

तुमच्या मावशीच्या बाबतीत त्या डॉक्टरणीने जे केलं त्याहून वेगळं मीही करू शकलो नसतो. त्या गाठीने पुढे जीव घेतला असता.

लक्ष्य पेशीच्या आत असणाऱ्या याच गटात अँटी-हू ही अँटीबॉडी आहे. तिथे मणक्याशेजारी संवेदनेच्या नसपेशींचे जे पुंजके असतात, त्यांतल्या पेशी मरतात. रुग्णाला जळजळ होते, बधिरपणा एका हातात, मग एका पायात, मग चेहऱ्यावर असा वेडावाकडा पसरतो, आणि डोळे मिटले की आपला हात कुठे आहे हेच त्याला कळत नाही. मधुमेहाचा बधिरपणा दोन्ही पावलांतून सारखा आणि वर्षानुवर्षं सावकाश चढतो. हा तसा नसतो. मागे बहुतेकदा फुप्फुसच.

---

भीमाकाठ

आभारी आहे. मावशीला तिच्या भाषेत हे सांगेन. "माझंच काही चुकलं का" असं ती विचारत असते.

---

हत्तरसंग

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. तो वाचून कुणाला धीर आला तर बरं.

माझ्या वहिनीच्या दोन्ही पापण्या जांभळट झाल्या. काजळाची अॅलर्जी म्हणून मलम दिलं. मग बोटांच्या सांध्यांवर लाल खवले. मग फडताळात वरच्या फळीवर डबा ठेवता येईना, केस विंचरताना हात अर्ध्यात खाली यायचा. त्वचेच्या डॉक्टरांनी रक्तातलं सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढतं ते) तपासलं ते हजारांत आलं. डर्मॅटोमायोसायटिस, म्हणजे त्वचेला आणि स्नायूंना सूज आणणारा आजार. त्यांनी सरळ सांगितलं की मोठ्या वयात हा झाला तर साधारण पाच-सहा जणांत एकाच्या मागे कॅन्सर असू शकतो, म्हणून शोधावं लागेल. मॅमोग्राफी झाली, पोटाची आणि छातीची सीटी झाली, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी झाली. काहीच सापडलं नाही. टीआयएफ१-गॅमा नावाची अँटीबॉडीही नाही, ती असती तर धोका जास्त मानतात म्हणे.

स्टेरॉइडने ताकद पुष्कळ आली. पहिली तीन वर्षं धोक्याची म्हणून तपासण्या चालू आहेत. तपास सुरू होता तेव्हा घरात चूल पेटत नव्हती, इतके सगळे घाबरलो होतो. म्हणून लिहितोय, शोधायला सांगितलं म्हणजे सापडणारच असं नाही.

---

पार्क_चौक

माझ्या धाकट्या भावाला मायस्थेनिया आहे, म्हणजे वापरता वापरता स्नायू थकत जाण्याचा आजार. सकाळी ठणठणीत, संध्याकाळी पापणी खाली, एकाचे दोन दिसायचे, चपाती चावता चावता जबडा थकायचा. छातीच्या सीटीत थायमस ग्रंथीची गाठ निघाली, ती काढली. त्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की मायस्थेनियाच्या शंभरातल्या दहा-पंधरा जणांना अशी गाठ असते. आता गोळ्यांवर व्यवस्थित आहे, दुकान सांभाळतो.

एक सांगायचं होतं. त्याला एकदा तापासाठी कुणीतरी जेंटामायसिनचं इंजेक्शन दिलं आणि त्या रात्री श्वास लागला. आयसीयू गाठावं लागलं. त्यानंतर आम्ही टाळायच्या औषधांची यादी पाकिटात ठेवतो.

---

मज्जारज्जू

पार्क_चौक, फार मोलाचं लिहिलंत. जेंटामायसिनच्या गटातली इंजेक्शनं, सिप्रोफ्लॉक्सॅसिन-लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखी औषधं, शिरेतून दिलं जाणारं मॅग्नेशियम आणि भूल देताना वापरायची स्नायू शिथिल करणारी औषधं, ही लॅम्बर्ट-ईटनमध्येही धोक्याची. जुनी_मिल, आप्पांसाठी असंच करा.

---

जुनी_मिल

केलंय. एका पुठ्ठ्यावर एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत औषधांची नावं, आजाराचं नाव आणि माझा नंबर लिहून प्लॅस्टिक चढवलं आणि शर्टच्या खिशात ठेवलंय. विडीचं बंडल असायचं त्याच खिशात.

---

सात_रस्ता

वाचतोय सगळं. घाबरलोही आहे. वडील 58 वर्षांचे, विडी आहे, शुगर आहे. दोन महिने जिना चढताना पाय भरून येतात म्हणतात. मी त्यांना घेऊन थेट कॅन्सरच्या दवाखान्यात जाऊ का? खर्चाचं कसं केलंत? सोलापुरात होतं का सगळं?

---

मज्जारज्जू

सात_रस्ता, थेट तिथे नको. पाय अशक्त होण्याची कारणं पुष्कळ आहेत आणि बहुतेक साधी. बी१२ कमी, थायरॉइड, ड जीवनसत्त्व, मधुमेहाने मांडीच्या नसा दुखावणं, कोलेस्टेरॉलची गोळी, मणक्यात नस खरोखर दबणं. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी विडी ओढणाऱ्यांना चालताना पोटऱ्या भरून येतात, थांबलं की बरं वाटतं. आधी एमडी मेडिसिनकडे जा आणि वडिलांना डॉक्टरांपुढे खुर्चीतून हात न लावता उठून दाखवू द्या. तोंडाला कोरड आहे का, वजन उतरलंय का, पापण्या जड होतात का, हे विचारून ठेवा. आठवड्यांच्या हिशोबाने वाढत जाणारी, दोन्ही मांड्यांतली, न दुखणारी अशक्तता असेल तर नसांची तपासणी मागा, आणि "जोर लावल्यावरचा सिग्नलही बघा" हे चिठ्ठीवर लिहून घ्या. नेहमीच्या एनसीव्हीत (नसांच्या वेगाच्या तपासणीत) तो भाग असेलच असं नाही.

तीन गोष्टींना मात्र ओपीडीच्या तारखेची वाट बघायची नाही. श्वास अपुरा पडणं, पाणी गिळताना ठसका लागून नाकातून येणं, आणि आधीच कॅन्सर असलेल्या माणसाची पाठ दुखून पाय लुळे पडणं किंवा लघवी अडणं. तिसऱ्यात कॅन्सरने मणक्यातला मज्जारज्जू दाबलेला असू शकतो. तिथे तासांचा हिशोब असतो. त्याच दिवशी एमआरआय.

---

जुनी_मिल

सात_रस्ता, आमचं असं झालं. नसांची तपासणी आणि सीटी सोलापुरातच झाली. सिव्हिलमध्येही मेडिसिनचा विभाग आहे, मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, खाजगी परवडत नसेल तर तिथून सुरुवात करायला हरकत नाही. केमोसाठी आम्ही बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय बघितलं. खेड्यातल्या कॅन्सरची देशातली पहिली नोंदवही 1987 साली बार्शीतच सुरू झाली, इतक्या वर्षांची माणसं तिथे आहेत. दुसऱ्या मतासाठी परळला टाटाला गेलो. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसला बसलं की सकाळी मुंबई. जाताना खालचा बर्थ मागून घ्या, आप्पांना मधल्या बर्थवर चढवणं अशक्य होतं.

खर्चाला महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमो आणि रेडिएशन दोन्ही बसलं. रेशन कार्ड आणि आधारवरची नावं एकसारखी असली पाहिजेत. आमच्याकडे एका कागदावर 'मल्लिनाथ' आणि दुसऱ्यावर 'मलिनाथ' होतं, ते आधी दुरुस्त करावं लागलं. हे आजार कळल्या दिवशीच बघून घ्या.

---

निशिगंध

जुनी_मिल, आप्पा आता कसे आहेत? चालतात का?

---

जुनी_मिल

केमो आणि छातीवरचं रेडिएशन झालं. गाठी लहान झाल्यात. हा कॅन्सर चिवट आहे आणि परत येऊ शकतो, हे डॉक्टरांनी आम्हाला आणि आप्पांनाही स्पष्ट सांगितलंय. ताकदीसाठी ॲमिफॅम्प्रिडीन चालू आहे, दिवसातून विभागून घ्यायची. ती घेतली की अर्ध्या-पाऊण तासात ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, ते तिचंच लक्षण, त्याने घाबरायचं नाही. ज्यांना फिटचा त्रास आहे त्यांना मात्र ती चालत नाही.

आता खुर्चीतून एका हाताच्या टेकूने उठतात. काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जातात. गोळीचा अंमल असतो तेवढ्या वेळात फिजिओथेरपी उरकतो, आणि गरम पाण्याची अंघोळ टाळतो, उष्णतेने त्यांची ताकद चटकन उतरते. विडी सुटली. सोडवली नाही, त्यांनी स्वतः सोडली.

---

सात_रस्ता

मज्जारज्जू सर, एमडींना दाखवलं. त्यांनी बी१२ आणि थायरॉइड पाठवलंय, गुडघ्याचे झटके कमी वाटतात म्हणाले, आणि सोमवारी नसांच्या तपासणीची वेळ दिलीय. छातीची सीटीही लिहून दिलीय. जाताना काय तयारी करू?

---

मज्जारज्जू

त्या दिवशी अंगाला तेल लावू देऊ नका, तारांना नीट चिकटायला कोरडी त्वचा लागते. हात-पाय थंड नकोत. एसीच्या खोलीत बराच वेळ बसवलं असेल तर तपासणीआधी हात-पाय गरम करून घ्यायला सांगा, थंड नसेचे आकडे फसवे येतात. सैल कपडे. पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. थोडे झटके बसतात, सुई टोचली तर दुखतं, हे वडिलांना आधीच सांगून ठेवा.

---

जुनी_मिल

आणि विडीचा आकडा खरा सांगा. आप्पा "दिवसाला चार-पाच" म्हणायचे, आई मागून दोन बोटं दाखवायची, म्हणजे दोन बंडलं. वडिलांना तिथे बोलायला संकोच वाटत असेल तर तुम्ही चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. सोमवारी काय झालं ते इथे नक्की कळवा.